शिक्षणसंस्थेचे ऊर्जा-खाते



कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला तर त्यात देणग्या, व्याज, वेतन, दुरुस्ती, छपाई असा पैपैचा हिशोब आढळतो. हिशोब तपासनीसाची सही असते आणि सभेत तो टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. मात्र एक खाते बहुतेक संस्थांत कधीच उघडले जात नाही. ते म्हणजे ऊर्जेचे खाते. वीज बिल येते, कोषाध्यक्ष धनादेशावर सही करतात आणि ‘वीज खर्च’ या एका ओळीत विषय संपतो. त्या ओळीमागे किती युनिट वीज वापरली गेली, त्यातील किती उपयोगी पडली, किती वाया गेली आणि तिच्यासाठी किती कोळसा जळाला, याची नोंद कोठेच होत नाही.

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयात पंखा फिरतो तेव्हा त्यामागे बहुतांशी चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा यांसारख्या औष्णिक केंद्रांतील कोळसा असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत देशाच्या जाळ्यातील दर युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणजे हजार युनिट वापरणारी संस्था सुमारे ७०० किलो वायू हवेत सोडते. तो संस्थेच्या आवारात दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. परंतु न दिसणारे कर्ज हेही कर्जच असते, आणि ते फेडण्याची पाळी आज वर्गात बसलेल्या मुलांवर येणार आहे. म्हणूनच हा विषय शिक्षणसंस्थांनी सर्वांआधी हाती घेणे उचित ठरते.

हे खाते नीट मांडले तर काय घडू शकते, याचे एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. ते उदाहरण म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठ. या विद्यापीठाचा जन्मही एका व्यापाऱ्याच्या दानातून झाला. लेलँड स्टॅनफर्ड हे १८५२ साली कॅलिफोर्नियात आले आणि भावांसह दुकानदारीत उतरले. पुढे ते रेल्वे उद्योगात शिरले आणि राज्याचे गव्हर्नरही झाले. १८८४ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने वारला. तेव्हा तो सोळा वर्षांचाही नव्हता. त्याच्या स्मरणार्थ पती-पत्नींनी १८८५ साली विद्यापीठाची स्थापना केली व १८९१ मध्ये ते सुरू झाले. १८९३ मध्ये लेलँड यांचे निधन होऊन मालमत्ता कायदेशीर गुंत्यात अडकली, त्यावेळी जेन स्टॅनफर्ड यांनी स्वतःच्या घरखर्चाच्या रकमेतून प्राध्यापकांचे पगार भागवले. विश्वस्त या शब्दाचा अर्थ केवळ ठेव सांभाळणे एवढाच नसून कठीण काळात निर्णय घेणे हाही आहे, हा संस्कार त्या संस्थेच्या पायातच आहे.

अशा या विद्यापीठाच्या आवारात १९८७ साली नैसर्गिक वायूवर चालणारे एक मोठे ऊर्जा केंद्र उभे राहिले. वायू जाळून वीज तयार करायची आणि त्याच उष्णतेतून वाफ निर्माण करून ती नळांद्वारे इमारतींमध्ये उबेसाठी पोहोचवायची, अशी ती सहनिर्मितीची पद्धत होती. एकाच इंधनातून दोन कामे होत असल्याने त्या काळी ही पद्धत काटकसरीची आणि आधुनिक समजली जात असे, आणि तसे समजणे चुकीचेही नव्हते. केंद्र उत्तम चालत होते, कोणाची तक्रार नव्हती. तथापि नव्या शतकात विद्यापीठाने आपल्या कार्बन उत्सर्जनाचा हिशोब मांडला तेव्हा असे दिसले, की त्यातील फार मोठा वाटा या एकाच केंद्राचा आहे. ज्या यंत्राचा संस्थेला अभिमान होता, तेच यंत्र खात्याच्या खर्चाच्या बाजूला सर्वांत वर बसले होते.

येथे एक साधी गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. घरातील फ्रीजच्या मागच्या बाजूस हात लावला तर तो भाग गरम लागतो. फ्रीज थंडी ‘निर्माण’ करीत नाही. आतील उष्णता उचलून तो ती बाहेर टाकतो. मोठ्या इमारतींना थंड ठेवणारी शीतयंत्रेही हेच करतात. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळा, रुग्णालये व संगणक कक्ष यांना बारा महिने थंडावा लागतो. तेथून गोळा झालेली उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून, पाण्याची वाफ करून, आकाशात सोडून दिली जात असे. आणि त्याच वेळी, त्याच आवारात, शेजारच्या इमारती उबदार ठेवण्यासाठी वायू जाळून नवी उष्णता तयार होत होती. एका दाराने माल फेकून द्यावा आणि दुसऱ्या दाराने तोच माल रोख रक्कम मोजून विकत आणावा, असा हा व्यवहार होता.

हे ध्यानात कसे आले? कोणा एका विद्वानाला स्वप्न पडले म्हणून नव्हे, तर मोजमापामुळे. अभियंत्यांनी वर्षातील प्रत्येक तासाला किती ऊब लागते आणि किती थंडावा लागतो, याच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या. ऊब हिवाळ्यात लागते व थंडावा उन्हाळ्यात, हा सर्वसाधारण समज असतो. नोंदींनी तो खोटा ठरवला. तेथील हवामानात आणि त्या प्रकारच्या संस्थेत दोन्ही गरजा वर्षातील बराच काळ एकाच वेळी असतात, हे स्पष्ट झाले. वार्षिक बेरजेत हे सत्य कधीच दिसले नसते. ते तासातासाच्या नोंदीत दडलेले होते.

यातून विद्यापीठापुढे प्रश्न उभा राहिला. जुन्या केंद्राच्या कराराची मुदत २०१५ मध्ये संपत होती. तेच केंद्र नूतनीकरण करून चालू ठेवणे हा सोपा मार्ग होता. नवी पद्धत स्वीकारायची तर चालते केंद्र मोडीत काढावे लागणार होते आणि आवारातील रस्ते उकरून सर्व नळ बदलावे लागणार होते. कारण असे, की शीतयंत्रातून मिळणारी उष्णता गरम पाण्यासाठी पुरेशी असते. वाफेसाठी लागणारे तापमान तिच्यातून परवडणाऱ्या रीतीने मिळत नाही. म्हणजे केवळ यंत्र बदलून भागणार नव्हते, तर वाफेचे संपूर्ण जाळे काढून गरम पाण्याचे जाळे टाकणे भाग होते. या एकंदर योजनेचा खर्च होता ४८.५ कोटी डॉलर.

विश्वस्तांनी काय केले असेल, याचा विचार येथील प्रत्येक व्यावसायिकाने करून पाहावा. पहिल्या दिवशी खिशातून जाणारी रक्कम पाहिली असती तर योजना फेटाळली गेली असती. परंतु तुलना केवळ उभारणीच्या खर्चाची झाली नाही. पुढील सुमारे पस्तीस वर्षांतील इंधन, पाणी, देखभाल व भांडवल या सर्वांची बेरीज प्रत्येक पर्यायासाठी करण्यात आली. त्या हिशोबात जुन्या पद्धतीपेक्षा नवी पद्धत तीस कोटी डॉलरहून अधिक बचत करणारी ठरली. स्वस्त कापड दोन धुण्यांत विरते आणि बेताच्या भावाचे चांगले कापड दहा वर्षे टिकते, हे पेढीवर बसणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. तोच नियम तेथे कोट्यवधी डॉलरच्या पातळीवर लावला गेला.

२०१२ च्या सुमारास काम सुरू झाले आणि २०१५ च्या वसंत ऋतूत नवे केंद्रीय ऊर्जा केंद्र कार्यान्वित झाले. सुमारे २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर लांबीचे गरम पाण्याचे नळ टाकले गेले आणि दीडशेहून अधिक इमारतींमधील जोडण्या बदलल्या गेल्या. काम टप्प्याटप्प्याने झाले, अध्यापन थांबले नाही. नव्या केंद्रातील यंत्रे इमारतींतून परत आलेल्या पाण्यातील उष्णता काढून घेतात. एका बाजूने थंड पाणी निघते, ते थंडाव्यासाठी जाते. दुसऱ्या बाजूने गरम पाणी निघते, ते उबेसाठी जाते. आवारातील उबेची सुमारे ९० टक्के गरज अशा रीतीने पूर्वी फेकून दिल्या जाणाऱ्या उष्णतेतून भागू लागली. मनोऱ्यांतून वाफ होऊन उडणारे पाणी कमी झाल्याने पिण्यायोग्य पाण्याचीही मोठी बचत झाली. दुष्काळाशी परिचित असलेल्या कॅलिफोर्नियास हा दुहेरी लाभ होता.

या केंद्रात प्रचंड टाक्याही आहेत. दोन थंड पाण्याच्या आणि एक गरम पाण्याची. थंड पाण्याची प्रत्येक टाकी सुमारे १ कोटी ९० लाख लिटरची आहे. वीज स्वस्त असते त्या वेळी पाणी थंड करून साठवायचे आणि महाग असते त्या वेळी साठ्यातून वापरायचे, हा त्यांचा उपयोग. हवामानाचा अंदाज, विजेचे दर आणि इमारतींची गरज यांचा मेळ घालून यंत्रे केव्हा चालवावीत हे ठरवणारी संगणकीय प्रणालीही विद्यापीठाने स्वतः विकसित केली. हंगामापूर्वी माल भरून ठेवणारा व्यापारी जे अनुभवाने करतो, तेच ही प्रणाली आकडेमोडीने करते.

आता केंद्र वायूऐवजी विजेवर चालू लागले. मग ती वीज स्वच्छ हवी. विद्यापीठाने आवारातील छपरांवर सौर पट्ट्या बसवल्याच, शिवाय केर्न परगण्यात ६७ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१६ च्या अखेरीस सुरू झाला. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये किंग्ज परगण्यातील लेमूर गावाजवळ दुसरा मोठा सौर प्रकल्प सुरू झाला. त्यायोगे वर्षभरात विद्यापीठ जेवढी वीज वापरते तेवढी वीज सूर्यप्रकाश व अन्य नवीकरणीय स्रोतांतून मिळू लागली. नवे केंद्र आणि पहिला सौर प्रकल्प यांच्यामुळेच आवारातील उत्सर्जन सर्वोच्च पातळीच्या तुलनेत सुमारे ६८ टक्क्यांनी घटल्याचे विद्यापीठाने नोंदवले होते.

हे सर्व ऐकताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. या भव्य प्रकल्पाच्या कितीतरी आधी विद्यापीठाने लहान कामे केली होती. १९९३ पासून दिवे, मोटारी, पंखे यांसारखी उपकरणे बदलण्याचा कार्यक्रम तेथे चालू होता. २००१ पासून हिवाळी सुट्टीत बहुतेक इमारतींची यंत्रणा पद्धतशीरपणे बंद ठेवण्याची प्रथा पडली. २००४ मध्ये सर्वाधिक ऊर्जा खाणाऱ्या जुन्या इमारती निवडून त्यांच्या सुधारणेसाठी ३ कोटी डॉलरचा कार्यक्रम आखण्यात आला. म्हणजे आधी गळती बुजवली, मग विहीर खोदली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

या वाटचालीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण केवळ गुणगान ऐकून घेतलेला निर्णय पुढे पस्तावा देतो. स्वतःचे वीज केंद्र बंद केल्यामुळे विद्यापीठ बाहेरच्या विजेवर अधिक विसंबून राहिले. जून २०२२ मध्ये जवळच्या भागात लागलेल्या वणव्यामुळे वीजवाहिन्या बंद पडल्या आणि विद्यापीठाचा पुरवठा काही दिवस विस्कळीत झाला. वर्ग रद्द करावे लागले. तसेच सौर प्रकल्प दूर असल्याने रात्री आवारात येणारी वीज सामाईक जाळ्यातूनच येते. वर्षाची बेरीज जुळते, प्रत्येक तासाची जुळतेच असे नाही. शिवाय प्रवास, खरेदी, बांधकाम साहित्य यांतून होणारे उत्सर्जन अजून शिल्लक आहे. त्यासाठी विद्यापीठाने २०५० चे उद्दिष्ट ठेवले आहे. खाते अद्याप बंद झालेले नाही, पण ते प्रामाणिकपणे लिहिले जात आहे, हेच त्याचे मोल.

येथे कोणी साहजिकच विचारील, की हा अब्जावधींचा कारभार. तेथे ऊब लागते, येथे तर उकाडाच उकाडा. त्याचा आपल्याकडील शाळा, महाविद्यालय वा वसतिगृहाशी काय संबंध? यंत्रांचा संबंध नाही, हे खरे. पद्धतीचा मात्र आहे. आधी मोजावे, मग वाया जाणारे थांबवावे, मग उपकरणे सुधारावीत आणि शेवटी स्वच्छ वीज घ्यावी. हा क्रम लहान संस्थेलाही जसाच्या तसा लागू पडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या संस्थेत ३०० पंखे आणि ४०० जुन्या ट्यूबलाइट आहेत आणि वर्षाचे २०० दिवस वर्ग भरतात. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. दिवसाचे ८ तास धरले तर वर्षाला ३६,००० युनिट होतात. चोकसह ५२ वॅट घेणारी ट्यूब दिवसाचे ६ तास जळली तर ४०० ट्यूबचे सुमारे २५,००० युनिट होतात. एकूण ६१,००० युनिट. आता पंख्यांच्या जागी सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे आणि ट्यूबच्या जागी २० वॅटचे एलईडी दिवे आले, तर हाच वापर अनुक्रमे १४,४०० व ९,६०० म्हणजे केवळ २४,००० युनिटवर येतो. वारा तेवढाच, उजेड तेवढाच, आणि वर्षाला ३७,००० युनिटची बचत. वर सांगितलेल्या हिशोबाने सुमारे २६ टन कार्बन डायऑक्साइड वाचला.

याच उदाहरणात पुढची पायरी पाहावी. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा सौर संच वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज देतो व त्याला सुमारे १०० चौरस फूट मोकळे, सावली नसलेले छप्पर लागते. काहीही न सुधारता थेट सौर संच बसवायचा झाला, तर ६१,००० युनिटसाठी जवळजवळ ४४ किलोवॅटचा संच घ्यावा लागेल. आधी पंखे आणि दिवे बदलले, तर १७ ते १८ किलोवॅटमध्ये काम भागेल. म्हणजे वाया जाणारी वीजही सौर संचातूनच तयार करण्यासाठी मोठी रक्कम ओतण्यापेक्षा ती वाया जाणेच थांबवणे शहाणपणाचे. अनेक संस्था याउलट करतात. छपरावर पट्ट्या झळकतात, दात्याच्या नावाची पाटी लागते आणि खाली रिकाम्या वर्गात पंखे फिरत राहतात.

बिन खर्चाच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. वीज बिलातील मंजूर भार, कंत्राटी मागणी आणि पॉवर फॅक्टर या ओळी कोषाध्यक्षांनी दरमहा वाचाव्यात. अनेकदा न वापरलेल्या भाराचेही पैसे भरले जातात. मे महिन्यात व दिवाळीत संस्था बंद असताना किती युनिट पडले, हे अवश्य पाहावे. कोणी नसतानाही मीटर धावत असेल तर पाण्याचे थंडयंत्र, विसरलेला पंप किंवा चालू राहिलेला संगणक कक्ष सापडेल. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम आला तो त्याचसाठी. छताच्या पंख्यांनाही जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचे झाले आहे. त्यामुळे खरेदी समितीने केवळ किंमत न पाहता तारेही मोजावेत.

कायद्यानेही वाट मोकळी करून दिली आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये छपरावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले व २०१९ मध्ये ते नव्याने केले. दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात द्यायची आणि लागेल तेव्हा परत घ्यायची, अशी ती सोय आहे. शाळेला ती विशेष उपयोगी, कारण ऊन सर्वांत कडक असते त्याच महिन्यांत शाळेला सुट्टी असते. मोठ्या संस्थांसाठी केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. स्टॅनफर्डप्रमाणे दूरच्या प्रकल्पातून वीज घेण्याचा मार्ग त्यामुळे इकडेही खुला झाला. तथापि कोणताही करार करण्यापूर्वी शिल्लक युनिटचा हिशोब, आकार आणि मुदत ही कलमे व्यापारी दृष्टीने बारकाईने वाचावीत.

सौर संच बसवला म्हणजे काम संपले असेही नाही. पट्ट्यांवरील धूळ धुतली नाही तर उत्पादन घटते. शेजारच्या टाकीची सावली पडली तरी घटते. छपराची गळती आधी दुरुस्त केली नाही तर पुढे सगळा सांगाडा उचलावा लागतो. म्हणून जबाबदार व्यक्ती नेमणे आणि दरमहा उत्पादनाची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. या कामी विद्यार्थ्यांसारखे मनुष्यबळ नाही. नववी-दहावीतील मुलांनी मीटर वाचावा, वर्गवार नोंद फलकावर लिहावी, आलेख काढावा. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका मीटरपाशी शिकता येतात. जी मुले शाळेत हे शिकतील ती घरी जाऊन वडिलांच्या दुकानाचेही बिल तपासतील.

मित्रहो, सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी संस्था मागील पन्नास वर्षांचा आढावा घेते, दात्यांचे ऋण व्यक्त करते. तेवढेच महत्त्व पुढील पन्नास वर्षांच्या विचारालाही आहे. स्टॅनफर्डच्या विश्वस्तांनी चालते यंत्र मोडीत काढण्याचे धैर्य दाखवले, कारण त्यांच्यासमोर हिशोब होता आणि हिशोबाचा काळ पस्तीस वर्षांचा होता. एका वर्षाच्या ताळेबंदात न बसणारा निर्णय दोन पिढ्यांच्या ताळेबंदात चोख बसला.

प्रत्येक शिक्षणसंस्थेने यंदाच्या ताळेबंदाला एक पान जोडावे. त्यात तीनच आकडे असावेत : वर्षात वापरलेली युनिट, विद्यार्थ्यामागे पडलेली युनिट आणि मागील वर्षापेक्षा झालेली घट. ते पान हिशोबाबरोबर सभेत वाचले जावे आणि त्यावर प्रश्न विचारले जावेत. पहिल्या वर्षी आकडा मोठा दिसेल, कदाचित लाजही वाटेल. परंतु जे लिहिले जाते तेच कमी करता येते. खाते उघडण्यास मुहूर्ताची गरज नाही. मागील बारा महिन्यांची वीज बिले कार्यालयाच्या कपाटात आहेतच.